गाडीवर वाळून बसलेलं पॉलिश कसं काढायचं? (रंग, काळं प्लास्टिक, रबर, फटी)

तांबडीमाती (धागालेखक, खानापूर)

खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडं गल्लोगल्ली गाड्यांना पॉलिश चालू होतं, आणि दसरा झाला की "पांढरं राहिलंय, निघेना झालंय" हे प्रश्न चालू होतात. दरवेळी वेगळ्या धाग्यात तेच लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी घालतो. जाणकारांनी भर घालावी, पटत नसेल तिथं बोलावं.

बहुतेक कंपाउंडमध्ये (म्हणजे रंग घासून चकाकी आणणारं दाट पॉलिश) ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) बारीक पूड असते. ती पाणी, तेल आणि थोड्या सॉल्व्हंटमध्ये कालवलेली असते. पाणी आणि सॉल्व्हंट उडून गेलं की पूड आणि तेल मागं राहतं, त्यात गाडीच्या रंगाचा निघालेला भुगाही मिसळतो. बाजारातल्या 'पॉलिश कम वॅक्स' बाटल्यांत याशिवाय वॅक्स आणि सिलिकॉन असतं. पांढरं दिसतंय ते हे सगळं मिळून. ती पूड बनवलीच आहे रंग घासायला, त्यामुळं कोरडं फडकं घेऊन जोर लावला की डाग राहतो आणि वर गोल गोल बारीक रेघा उठतात. आधी ओलं करायचं, सुटू द्यायचं, मग उचलायचं.

गाडी सावलीत घ्या. उलटा हात बॉनेटवर ठेवून बघा, गरम लागत असेल तर थांबा. आधी साध्या कार शाम्पूनं धुवा. वरवरचं बरंच इथंच जातं. वाळवल्यावर जे उरतं त्यावर पहिला उपाय असा की लोकांना पटतच नाही: तेच पॉलिश परत लावायचं. वाटाण्याएवढं ताजं पॉलिश ओलसर मायक्रोफायबरवर घ्या, वीतभर जागेवर पंधरा-वीस सेकंद हलक्या हातानं फिरवा आणि वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्यानं पुसून घ्या. ताज्यातलं तेल-सॉल्व्हंट जुन्याला मऊ करतं. एका वेळी वीतभरच. अख्ख्या बॉनेटला लावून बसलात तर नवीन थर वाळेल आणि काम दुप्पट होईल.

एवढ्यानं नाही गेलं तर पाणी घातलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुढं आयपीए म्हणतो). त्यानंही नाही गेलं तर त्यात वॅक्स किंवा सिलिकॉन जास्त आहे असं समजा. त्याला ऑटो पेंटच्या दुकानातलं वॅक्स-ग्रीस रिमूव्हर लागतं. ते दोन फडक्यांनी वापरायचं. एकानं लावायचं आणि उडून जायच्या आत दुसऱ्यानं टिपून घ्यायचं. एकच फडकं वापरलं तर विरघळलेलं वॅक्स नुसतं इकडचं तिकडं होतं.

मायक्रोफायबर फडकं ३०० ते ४०० जीएसएमचं (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), आखूड लवीचं. दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू भरली की पुढची घ्या. बनियन, पिवळं फडकं, वर्तमानपत्र यातलं काही नको.

एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, टूथपेस्ट, भांड्याची घासणी ही गाडीच्या जवळपासही आणू नका.

टिळकवाडी_डिटेलिंग

चांगला धागा. आयपीएचं माप देतो, कारण नेमकं तिथंच गडबड होते.

मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं मिळतं. त्यातलं २१५ मिली घेऊन पाण्यानं एक लिटर करा, साधारण १५ टक्के होतं. लॅबचं सामान विकणाऱ्याकडून ९९ टक्क्यांचं आणलं असेल तर १५० मिली पुरे, बाकी पाणी. पॉलिशच्या तेलासाठी १० ते २० टक्के भरपूर आहे. ७० टक्क्यांचं तसंच मारलं तर फडकं सरकत नाही, अडकत अडकत जातं आणि मऊ क्लिअर कोटवर (रंगावरचा पारदर्शक थर) रेघा येतात. शिवाय जास्त दाट आयपीएनं क्लिअर कोट थोडा वेळ मऊ पडतो. आणि त्याच वेळी आपण तो घासत असतो!

पाणी बोअरचं घालू नका. डिस्टिल्ड घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतं. मागताना "बॅटरीचं पाणी" एवढंच म्हटलं तर कधीकधी ॲसिड हातात येतं, लेबल वाचूनच घ्या.

सॅनिटायझर चालत नाही. त्यात ग्लिसरीन असतं, जेल असेल तर घट्ट करणारा पदार्थही असतो, पुसल्यावर चिकट पापुद्रा राहतो. सर्जिकल स्पिरिट म्हणून जे मिळतं त्यातही आत काय आहे ते वाचा.

आणि एक. आयपीएनं वॅक्स विरघळत नाही, निदान नीट विरघळत नाही. तेल जातं, वॅक्स राहतं. "आयपीए मारलं, काहीच झालं नाही" म्हणणाऱ्यांच्या गाडीवर बहुतेक वेळा वॅक्स असतं.

शहापूरकर

डाग पॉलिशचाच आहे की रंगच गेलाय, हे आधी बघायला नको का? काळ्या गाडीवर तर दोन्ही सारखंच दिसतंय.

टिळकवाडी_डिटेलिंग

@शहापूरकर, बरोबर. ओलं फडकं फिरवून फसू नका, कारण ओलं असताना रेघाही दिसत नाहीत आणि पावडरही दिसत नाही. आयपीए लावलेलं गडद रंगाचं फडकं डागावर दोन-तीनदा फिरवा आणि फडकं बघा. पांढरं लागलं तर पॉलिश. फडकं स्वच्छ आणि वाळल्यावर डाग जसाच्या तसा परत आला तर ते पॉलिश नाही. मग मोबाईलचा टॉर्च तिरका धरा. दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेघा दिसल्या तर ते फडक्याचं नाहीतर ब्रशचं काम. गाडी हलवली तसा सरकणारा पंख्याच्या पात्यांसारखा पट्टा दिसला तर रोटरी (गोल फिरणाऱ्या पॉलिश) मशीनचं काम. आणि कडेला नखाला लागणारी किनार असेल, आतला भाग खडूसारखा दिसत असेल तर क्लिअर कोट सुटायला लागलाय, तिथं कुठलंही रसायन उपयोगाचं नाही, तो पेंटरचा विषय.

जुना_टिंकर

काय ओ, एवढं आयपीए न फायपीए कशाला? इथं गॅरेजात वर्षानुवर्षं रॉकेल मारत्यात. कापसावर घ्यायचं, पुसायचं, वर शाम्पू. निघतंय की सगळं.

तांबडीमाती

मामा, निघतंय, नाही म्हणत नाही. रॉकेल पॉलिशमधलं तेलही विरघळवतं आणि वॅक्सही. खरं त्यातला जड भाग लवकर उडत नाही. वर तेलकट थर राहतो, त्यामुळं गाडी चकचकीत दिसते आणि सगळ्यांना वाटतं झालं काम. आपल्याकडची तांबडी माती त्याच थरावर दुसऱ्या दिवशी बसते. तेच काम करायचं असेल तर पेंटच्या दुकानात मिनरल टर्पेंटाइन मिळतं, ते घ्या. तेही पेट्रोलियमच, पण जास्त स्वच्छ उडतं. फडक्यावर घ्या, पॅनेलवर ओतू नका, नंतर शाम्पूनं धुऊन टाका. कापूसही नको, त्याचे तंतू फटीत अडकतात.

उद्यमबाग_फिनिशिंग

रॉकेलचा खरा तोटा रंगाला नाही, रबराला होतो. दरवाजाची आणि डिकीची बीडिंग (कडेची रबरी पट्टी) बहुतेक गाड्यांत ईपीडीएम रबराची असते. हे रबर ऊन-पाऊस उत्तम झेलतं, पेट्रोलियम मात्र झेलत नाही. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन काहीही मुरलं की फुगतं, मऊ पडतं. मग दरवाजा जोरात आपटल्याशिवाय लागत नाही आणि पावसाळ्यात पाणी आत येतं. रबरावरचं पॉलिश शाम्पूच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं काढा. वेळ लागतो, लागू दे.

हेडलॅम्पच्या काचेला (ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं) थिनर लागला तर आतून बारीक तडे दिसायला लागतात. त्याला परत उपाय नाही, नवीनच घालायला लागतो.

जुना_टिंकर

बीडिंगचं बरोबर बोललासा. ते मान्य.

निपाणी_ते_कोगनोळी

काळ्या प्लास्टिकवर पांढरं पडलंय त्याचं काय? बंपरची खालची पट्टी, वायपरखालची जाळी, रूफ रेलचे पाय. धुतल्यावर जातं आणि वाळलं की परत पांढरं. वर ट्रिमचं तेल लावलं तरी आठ दिवसांत तेच.

बेळगाव_ट्रिम

तेल लावून ते झाकलं जातं, निघत नाही, म्हणून परत येतं. दाणेदार प्लास्टिकच्या खळग्यांत पूड बसलेली असते. फडकं वरच्या दाण्यांवरून जातं, खळग्यात पोचतच नाही. तिथं ब्रशच लागतो.

क्रमानं असं करा. आधी साधं पांढरं खोडरबर, शाळेतलं. कोरड्या डागावर दाण्यांच्या दिशेनं घासा, त्याचा भुगा पूड घेऊन बाहेर येतो. छोट्या डागाला एवढं पुरतं आणि यानं प्लास्टिकचं काही बिघडत नाही. मोठा भाग असेल तर ऑल पर्पज क्लीनर १ भाग आणि पाणी १० भाग. फवारा मारा, अर्धा मिनिट थांबा (वाळू देऊ नका), जुन्या मऊ टूथब्रशनं गोल फिरवा, ओल्या फडक्यानं टिपा, मग पाणी. दोनदा-तीनदा करावं लागेल. वॅक्स असेल तर स्टीमर सगळ्यात भारी. स्टीमर नसेल तर हेअर ड्रायरनं प्लास्टिक कोमट करून लगेच क्लीनर आणि ब्रश. कोमट म्हणजे हात ठेवता येईल इतपतच.

शेंगदाण्याच्या बटरचा उपाय फिरतोय, तो अगदीच खोटा नाही. त्यातलं तेल वॅक्स सैल करतं. पण मग ते तेल काढायला परत क्लीनर लागतोच, तर पहिल्यांदाच क्लीनर का नको? पांढरा मॅजिक स्पंज वापरू नका. तो खरं तर अतिबारीक पॉलिश पेपर आहे, दाणे झिजवून प्लास्टिकवर चकाकणारा ठिपका करतो, आणि तो पॉलिशच्या डागापेक्षा वाईट दिसतो.

उद्यमबाग_फिनिशिंग

काढायचं कसं हे झालं. मुळात एवढं राहतं का, यावर थोडं सविस्तर लिहितो. मशीननं काम करणाऱ्यांसाठी.

पॉलिश जास्त घेतलं जातं. पाच-सहा इंची फोम पॅडला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब बास, आणि तेवढ्यात दीड-दोन फूट चौरस एवढीच जागा. बाटली दाबून पॅनेलवर नागमोडी रेघ ओढणं दिसायला छान दिसतं, पण त्यातलं निम्मं काम न करता कडेला वाळतं आणि बाकीचं फटीत उडतं.

दुसरं, पॅड साफ होत नाही. प्रत्येक भाग झाला की पॅडला ब्रश मारा नाहीतर कॉम्प्रेसरची हवा द्या. जुनं वाळलेलं पॉलिश पॅडमध्ये राहिलं की तेच गोळ्या होऊन पुढच्या पॅनेलला चिकटतं. हे चिकटलेलं ठिपके ठिपके पॉलिश सगळ्यात हट्टी असतं, कारण ते दाबानं आणि उष्णतेनं बसलेलं असतं. त्याला ताज्या पॉलिशचाच उपाय, वर धागालेखकानं दिलाय तो.

तिसरं, ऊन. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या काळ्या गाडीचं बॉनेट हात टेकवता येणार नाही इतकं तापतं. पॉलिशचं पाणी दोन फेऱ्यांत उडून जातं आणि पूड तेलाशिवाय फिरत राहते. मग पांढरी धूळ उडते. धूळ उडायला लागली की जोर वाढवू नका. मशीन थांबवा, पॅडवर डिस्टिल्ड पाण्याचा एक बारीक फवारा द्या, वेग कमी करा. आपल्याकडं सकाळचा गारवा असतो, तोच वेळ चांगला. पण दव पडलं असेल तर आधी पूर्ण टिपून घ्या.

पावसाळ्यात उलटं होतं. हवा ओली असते, हातानं लावलेलं वॅक्स वाळतच नाही, लोक अर्धवट ओलं पुसतात आणि ते फासलं जातं. लावल्यावर बोट ओढून बघा. बोटामागं रंग स्वच्छ दिसला तर पुसायला तयार, ओघळ उठला तर अजून थांबा.

आता मुद्द्याचं. री-पेंट झालेल्या पॅनेलवर संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत पृष्ठभाग असतो. त्या खळग्यांत कंपाउंड राहतं. तिथं फडकं दाबून उपयोग नाही, लांब लवीचं मायक्रोफायबर आयपीएनं ओलसर करून दोन उभ्या, दोन आडव्या फेऱ्या मारायच्या. दगड लागून उडालेल्या ठिपक्यांतही कंपाउंड भरतं. लाल आणि काळ्या गाडीवर पांढरे टिंब दिसतात, तेच हे. लाकडी टूथपिकचं टोक आयपीएत बुडवून, मऊ झालं की टिंबातून उचलून घ्यायचं. सुई नको.

क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. डाग जात नाही म्हणून परत कंपाउंडनं मशीन मारायच्या आधी हे लक्षात असू द्या. राहिलेलं पॉलिश काढायला परत कटिंगची (कंपाउंडनं थर घासायची) गरज नसते.

केए२३_चिकोडी

एक भर. ऊस हंगामात कारखान्याच्या आसपास उभ्या गाड्यांवर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) राखेचे काळे कण बसतात. त्यावरून थेट आयपीएचं फडकं फिरवलं तर तेच कण रंगावर ओढले जातात. आधी पाण्याचा जोरात फवारा, मग शाम्पू, मगच बाकीचं. बेळगावात उद्यमबाग, मच्छेकडं फाउंड्रीचा लोखंडी भुगा बसतो, तो पांढऱ्या गाडीवर तांबूस टिंबं करतो. ते पॉलिशनं आलेलं नसतं आणि या धाग्यातल्या कशानं जाणारही नाही, त्याला आयर्न रिमूव्हर वेगळा.

शहापूरकर

सगळं केलं. ताजं पॉलिश, आयपीए, रिमूव्हर. बॉनेटवर गोल पांढरी वलयं तशीच आहेत. फडक्याला काही लागत नाही.

बेळगाव_ट्रिम

धुवायला बोअरचं पाणी वापरलं का? आणि उन्हात वाळलं का?

शहापूरकर

होय, बोअरचंच. आणि गाडी अंगणात होती.

बेळगाव_ट्रिम

मग ते पॉलिश नाही, क्षार आहेत. थेंब जिथं वाळला तिथं त्याच्या कडेला कॅल्शियम जमतं, म्हणून वलय. त्याला सॉल्व्हंट नको, सौम्य आम्ल पाहिजे. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, फडकं भिजवून वलयावर एक मिनिट ठेवा, भरपूर पाण्यानं धुवा, लगेच टिपा. उन्हात अजिबात नको. तरी वलय राहिलं तर क्षारानं क्लिअर कोटमध्ये खळगा केलाय, मग हलकं पॉलिश करावं लागेल. शेवटचं पाणी नळाचं किंवा आरओचं वापरा, दोन बादल्या पुरतात.

गल्ली_नंबर_सहा

फटीतलं कुणीच लिहिलं नाही. खानापूरकडं पहिला पाऊस झाला की दरवाजाच्या खालून, नंबर प्लेटच्या स्क्रूतून, कंपनीच्या नावाच्या अक्षरांतून पांढरे ओघळ येतात.

तांबडीमाती

खरंच राहिलं. मशीननं उडालेलं पॉलिश फटीत वाळून बसतं आणि पावसाच्या पाण्यानं सैल होऊन खाली उतरतं. दरवाजे, डिकी, पेट्रोलचं झाकण सगळं उघडून आतल्या कडा बघा. मऊ केसांचा रंगाचा ब्रश (धातूच्या पट्टीला टेप गुंडाळून, नाहीतर ती पट्टीच रेघ मारते) शाम्पूच्या पाण्यात बुडवून फटीत फिरवा, थोडं थांबा, पाणी मारा. अक्षरांच्या कडेला आयपीएनं ओला टूथब्रश. अक्षरं टेपनं चिकटवलेली असतात, तिथं रिमूव्हर किंवा टर्पेंटाइन मुरू दिलं तर अक्षर सुटून येतं. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म) लावली असेल तर तिच्या कडेची पांढरी रेघही अशीच, ब्रश आणि पातळ आयपीए, फिल्मच्या आतून बाहेर. उलटं केलं की कड उचलते.

निपाणी_ते_कोगनोळी

खोडरबर चाललं! जाळीचं राहिलंय, तिथं ब्रश मारतो. सिरॅमिक कोटिंगचे डागही असेच काढायचे काय?

टिळकवाडी_डिटेलिंग

नाही, ते वेगळं. कोटिंगचा डाग पांढरा नसतो, काळपट किंवा इंद्रधनुष्यी छटेचा ठिपका असतो. लावल्यावर थोड्या वेळात लक्षात आलं तर त्यावर कोटिंगचा एक थेंब परत लावून लगेच सपाट पुसायचं. पूर्ण घट्ट झालं की आयपीए काही करत नाही, तेवढाच भाग पॉलिश करून परत कोट करायचा. मॅट रंगाच्या गाडीवर तर पॉलिश लावूच नका, लागलंच तर ओलं असतानाच शाम्पूनं काढा.

गल्ली_नंबर_सहा

जुन्या लाल गाडीवर आयपीए मारलं की फडकं लालभडक होतंय. रंग निघायलाय का?

उद्यमबाग_फिनिशिंग

निघतोय, पण बहुतेक घाबरायचं कारण नाही. एका थराचा रंग असेल, वर क्लिअर नसेल, तर वरचा करपलेला थर फडक्याला लागतोच. पण तो भाग लोकल पेंटरकडून एनसी लॅकरनं रंगवलेला असेल तर सॉल्व्हंट लांब ठेवायचं. ओळखायचं असं: डिकीच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनरचा एक थेंब (एवढ्या तपासणीपुरताच) फडक्यावर घेऊन टेकवा. रंग चिकट होऊन विरघळला तर एनसी. तिथं फक्त शाम्पू आणि ताजं पॉलिश, आयपीएही नको. नवीन री-पेंट असेल तरीही महिनाभर तेच, आणि वॅक्स तर नकोच, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वाट पाहिजे.

गल्ली_नंबर_सहा

बरं. पुढच्या वेळी आधीच मास्किंग टेप लावायची म्हणतोय, प्लास्टिक आणि बीडिंगला. किती वेळ ठेवली तर चालते?

बेळगाव_ट्रिम

काम झालं की लगेच काढा, रात्रभर ठेवू नका. उन्हात तापली की गोंद प्लास्टिकवर राहतो आणि तो काढायला परत टर्पेंटाइन. ऑटोची टेप घ्या, स्टेशनरीतली पिवळी नको. काढताना सरळ वर ओढू नका, मागं दुमडून पृष्ठभागाशी सपाट ओढा, री-पेंट असेल तिथं तर नक्कीच.